गावचे घर विकताना वकील करावा का?

कुंभकोणमचे घर विकायचे ठरले की तंजावरकडच्या मराठी कुटुंबांत पहिला निरोप जातो दलालाकडे आणि दुसरा दस्त लिहून देणाऱ्याकडे. वकिलाचे नाव निघालेच तर घरातले कुणीतरी वडीलधारे हटकून म्हणतात, "भांडण थोडंच आहे? मग वकील कशाला?" वकील म्हणजे कोर्ट आणि कोर्ट म्हणजे वैर, हा समज आपल्या घरांत फार जुना आहे. घराच्या व्यवहारात मात्र वकिलाचे मोलाचे काम कोर्टाबाहेरचे असते आणि तेही इसाराचे पैसे हातात पडण्यापूर्वीचे.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य उभे केले, ते १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्यासोबत कावेरीकाठी आलेली घराणी तिथेच रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. इंदूरचे दिवाण आणि समाजसुधारक आर. रघुनाथराव हेही याच गावचे. पुढच्या पिढ्या नोकरीधंद्यासाठी चेन्नई, बंगळूर, पुणे, मुंबई आणि तिथून अमेरिकेपर्यंत पांगल्या. मागे राहिली ती घरे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या घरांची कल्पना सहज येईल. रस्त्याकडे अरुंद तोंड, समोर ओटा, वर कौले आणि आत खोलवर गेलेल्या खोल्या. बाजूची भिंत पुष्कळदा शेजाऱ्याशी सामाईक.

असे एक घर कल्पावे. आजोबांनी विकत घेतलेले. वडील २००३ मध्ये गेले, आई २०१९ मध्ये. दोघांनीही मृत्युपत्र केलेले नाही. थोरली बहीण १९७८ मध्ये लग्न होऊन पुण्याला गेली. मधला भाऊ चेन्नईत, धाकटा न्यूजर्सीत. घराला कुलूप. २०२८ च्या महामहम पर्वाआधी भाविकांसाठी खोल्या बांधाव्या म्हणून शेजारचा दुकानदार ४० लाखांना घर मागतो आहे. सगळी धावपळ मधल्या भावावर. तो बहिणीला फोन करतो.

"अक्का, तू एवढ्या लांब यायची गरज नाही. मला हिस्सा नको, एवढं स्टँपपेपरवर लिहून सही करून पाठव. बाकीचं मी बघतो."

"अरे, पण माझा हिस्सा आहे तरी किती?"

"अगं, तुझं लग्न कधीच झालंय. हिस्सा कुठला? दस्त लिहिणारा म्हणाला म्हणून फक्त कागद हवाय."

या बोलण्यात लबाडी नाही. भावाला खरोखरच तसे वाटते, आणि बहिणीलाही कदाचित तसेच वाटत असेल. पण या दोन वाक्यांमुळेच पुढे दहा वर्षांनी दावा उभा राहू शकतो.

कायदा काय मागतो

वकील केलाच पाहिजे, असे कुठलाही कायदा म्हणत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते. तो दस्त कसा नोंदवायचा ते १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. तमिळनाडूत दस्त लिहिणाऱ्यांना सरकारी परवाना असतो, त्याचे १९८२ चे नियम आहेत. नोंदणी कार्यालयाच्या आसपास त्यांच्या कचेऱ्या असतात आणि कित्येकांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने असा बसलेला असतो की नव्या वकिलालाही तसा मसुदा जमणार नाही. फक्त एक गोष्ट विसरू नये. दस्तलेखक सांगितलेले लिहितो. सांगणारा मालक आहे की नाही, किती हिश्शाचा आहे, त्याला भावंडे किती, हे खणून काढणे त्याचे काम नाही.

मग निबंधक तर तपासत असेलच ना? बहुतेकांचा भरवसा इथेच असतो आणि तो चुकीच्या जागी असतो. आपल्याकडे नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स पद्धत सुरू झाली. तिच्यात सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक आणि त्याची हमी सरकारची. इंग्लंडची भूमी नोंदणीही मालकीची हमी देते, तरीही तिथे घराचा व्यवहार सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर यांच्या हातून करण्याची रीत आहे. अमेरिकेत जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना अशा काही राज्यांत व्यवहार पुरा करताना वकील लागतोच. कॅलिफोर्नियात मात्र ते काम बहुतेक वेळा मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या आणि मध्यस्थ म्हणून पैसे सांभाळणाऱ्या कंपन्या करतात. आपल्याकडे सरकारची हमीही नाही आणि तसा विमाही घरोघर रुळलेला नाही. राहते ती फक्त कागदांची छाननी.

तमिळनाडूच्या नोंदणी नियमांत २०२२ मध्ये एक कलम आले होते. विकणाऱ्याने आधीचा मूळ दस्त दाखवला नाही, तर नोंद नाकारावी असे ते होते. ७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी हे ठरवणे नोंदणी अधिकाऱ्याचे काम नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच वर्षी राज्याच्या विधानसभेने मूळ कागद मागण्यासाठी कायद्यातच दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. तेव्हा मूळ दस्त शोधून तयार ठेवणे शहाणपणाचे. पण कागद पाहणे वेगळे आणि मालकी ठरवणे वेगळे, हा फरक त्यामुळे पुसला जात नाही.

बहिणीची सही

आता त्या फोनकडे वळावे. वकिलाने विचारायचा पहिला प्रश्न घराच्या किमतीचा नसतो. आजोबांनी घर कुणाच्या पैशाने घेतले आणि ते वारले कधी, हा असतो. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. आजोबांनी स्वकमाईने घेतलेले घर असेल आणि ते त्यानंतर वारले असतील, तर वडिलांच्या वाट्याला आलेली मालमत्ता वडिलांची स्वतःची. तिच्यात पत्नी, मुलगे आणि मुली सारख्या वारस. मुलीचे लग्न झाले की नाही याला इथे काहीच महत्त्व नाही, आणि ही गोष्ट १९५६ पासूनची आहे.

आजोबा त्याआधी वारले असतील, तर घर वडिलोपार्जित ठरण्याचा संभव मोठा. गोंधळ होतो तो इथे. तमिळनाडूने १९८९ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क दिला, पण २५ मार्च १९८९ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तसाच कायदा केला. "लग्न झालेल्या मुलीला हिस्सा नाही" हे वाक्य त्या काळातून आलेले आहे आणि अजून घरोघर फिरते आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वाद आणखी पंधरा वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसे बंधन नाही असा निकाल दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र त्याने उलटत नाहीत. "आमची तोंडी वाटणी कधीच झाली आहे" असे म्हणून भागत नाही. तोंडी वाटणीला न्यायालय सहजासहजी मान्यता देत नाही.

म्हणजे कोणत्याही वाटेने गेले तरी या कल्पित घरात बहीण बरोबरीची मालक निघते. ४० लाखांतली एक तृतीयांश रक्कम १३ लाखांच्या वर जाते. स्टँपपेपरवर "मला काही नको" असे लिहून सही केली, म्हणून ती नाहीशी होत नाही. हिस्सा सोडायचाच असेल तर नोंदलेले हक्कसोडपत्र हवे. कुटुंबातल्या माणसांनी एकमेकांना दिलेल्या सोडपत्राला तमिळनाडूत मुद्रांक शुल्काची सवलतही आहे.

सही न घेता भावांनी घर विकले, तर खरेदीदाराला मिळतात भावांचे दोन हिस्से. तिसरा बहिणीचा, आणि तिच्यामागे तिच्या मुलांचा. तिने कधी दावा लावला नाही तरी तिच्या मुलांनी लावू नये, असे कुणी सांगावे? आणि तेव्हा खरेदीदार गप्प बसणार नाही. विकणाऱ्याला मालमत्ता विकण्याचा पूर्ण अधिकार आहे अशी हमी, दस्तात उलट काही लिहिलेले नसेल तर, कायदा विक्रीच्या करारात आपोआपच धरतो. नुकसानभरपाईसाठी तो भावांच्या दारात उभा राहील. छाननी ही घेणाऱ्याची काळजी, विकणाऱ्याने पैसे मोजावे आणि मोकळे व्हावे, हा समज त्यामुळे फार महागात पडू शकतो.

बहिणीने आपखुशीने हिस्सा सोडला तर त्यात वावगे काहीच नाही. वडिलांच्या आजारपणात भावाने केलेला खर्च, त्याने इतकी वर्षे भरलेली घरपट्टी, हे सगळे ती मनात धरतेही. पण आपण काय सोडतो आहोत हे तिला आकड्यांत माहीत असावे. भावाने लावलेला वकील तिचा वकील नव्हे. पुण्यातल्याच एखाद्या दिवाणी वकिलाकडून तिने मसुदा एकदा वाचून घेतला, तर त्यात भावावर अविश्वास कसला? उलट मधल्या भावानेच तसे सुचवावे. पुढे कुणी "अक्काला फसवून सही घेतली" असे म्हणायला जागा उरत नाही, हा फायदा त्याचाच आहे.

जमीन कुणाची

कुंभकोणम हे देवळांचे गाव. आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, चक्रपाणी, रामस्वामी अशी मोठी देवळे आणि त्यांच्याभोवतीचे रस्ते. अशा गावात घर एका कुटुंबाचे आणि खालची जमीन देवस्थानाची, असे असू शकते. तीन पिढ्या राहून, घरपट्टी भरून, विजेचे बिल आपल्या नावावर येऊनही जमीन आपली होत नाही. तमिळनाडूच्या १९५९ च्या हिंदू धर्मादाय कायद्याप्रमाणे देवस्थानाची जमीन आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. तसा दस्त केला तरी तो शून्यवत ठरतो. देवस्थानाच्या जमिनीचे दस्त नोंदवायला नकार देण्याची तरतूदही राज्याने केलेली आहे.

जुन्या पेटीत देवस्थानाला भुईभाडे दिल्याची एखादी पावती सापडली, तर ती बाजूला सारू नये. वकिलापुढे आधी तीच ठेवावी. विकता येईल ते फक्त वरचे बांधकाम की काहीच नाही, यावर सगळा व्यवहार अवलंबून आहे.

दुसरी अडचण मापांची. जुन्या दस्तांत चतुःसीमा माणसांच्या नावांनी लिहिलेल्या असतात. अमक्याच्या घराच्या पूर्वेला, तमक्याच्या परसाच्या दक्षिणेला. ती माणसे जाऊन ७०-८० वर्षे झालेली. कुठे माप कुळीत, कुठे सेंटमध्ये. एक सेंट म्हणजे ४३५.६ चौरस फूट. दस्तातले माप, नगर भूमापनाच्या नोंदीतले माप आणि जागेवर फीत धरून निघणारे माप ही तिन्ही जुळली, तर नशीबच म्हणायचे. सामाईक भिंतीत निम्मा हक्क कुणाचा, शेजाऱ्याच्या कौलावरचे पाणी आपल्या अंगणात पडते ते कोणत्या कराराने, मागच्या गल्लीचा दरवाजा आपला की वहिवाटीचा, हे प्रश्न दलाल कधी काढत नाही. खरेदीदार शेजारचाच दुकानदार असला, तर त्याला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात आणि भाव पाडताना तो बरोबर वापरतो.

वकील नक्की काय तपासतो

मूळ दस्ताला तमिळमध्ये 'ताय पत्तिरम' म्हणतात. शब्दशः आईचा कागद. त्या आईपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक पायरी कागदाने जोडली गेली आहे का, हे वकील पाहतो. साधारण ३० वर्षांचा मागोवा घेण्याची रीत आहे. त्यामागे कारणेही आहेत. सरकारला मालमत्तेवर दावा लावण्यासाठी मुदतीच्या कायद्यात ३० वर्षे दिलेली आहेत, आणि योग्य ताब्यातून आलेला ३० वर्षांचा जुना दस्त खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते.

बोज्याचा दाखला, म्हणजे तिकडचा 'विल्लंग' दाखला, आता नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे एक खोटा धीर आला आहे. दाखला कोरा निघाला म्हणजे घर निर्वेध, असे नव्हे. त्या दाखल्यात फक्त नोंदलेले व्यवहार येतात. न नोंदलेले मृत्युपत्र, वारसाचा हक्क, थकलेली घरपट्टी, जुना भाडेकरू यांतले काहीच त्यात दिसत नाही. न्यायालयात दावा चालू असला तरी तो दिसेलच असे नाही. न्यायालयात जाऊन पाहणे, महापालिकेत चौकशी करणे, पट्टा कुणाच्या नावावर आहे ते पाहणे, तहसीलदाराकडचा वारस दाखला घेणे, ही पायपीट कुणीतरी करावी लागते. कुंभकोणम २०२१ पासून महानगरपालिका झाले आहे. जुन्या नगरपालिकेच्या काळातल्या पावत्या आणि आजचा घरपट्टीचा क्रमांक एकाच घराचा आहे, हेही जुळवून ठेवावे.

घरात कुणी अज्ञान वारस असेल, तर त्याच्या स्वतंत्र हिश्शाच्या विक्रीला न्यायालयाची परवानगी लागते. भाडेकरू असेल, तर रिकामे घर देण्याचे वचन कुणी आणि कधी द्यायचे ते करारात लिहावे.

इसार, रोख आणि कर

व्यवहार फसतो तो बहुधा इसाराच्या दिवशी. दलाल सांगतो, गिऱ्हाईक हातचे जाईल, ५० हजार घेऊन ठेवा, पावती देऊन टाका. त्या पावतीवर "घर निर्वेध आहे, तीन महिन्यांत खरेदीखत करून देतो" असे लिहिलेले असते आणि भाऊ एकटाच सही करून मोकळा होतो. तमिळनाडूत १ डिसेंबर २०१२ पासून विक्रीच्या कराराचीही नोंदणी करावी लागते. वकिलाला पहिली फी द्यायची ती या पावतीआधी. खरेदीखताच्या दिवशी त्याला बोलावणे म्हणजे पोरीच्या सासरची चौकशी मंगलाष्टके सुरू झाल्यावर करण्यासारखे आहे.

स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे विकणाऱ्याला. तमिळनाडूत ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि २ टक्के नोंदणी फी पडते. २०२३ पर्यंत ही फी ४ टक्के होती. ४० लाखांच्या घराला दोन्ही मिळून ३ लाख ६० हजार होतात. खरेदीदार हे वाचवण्यासाठी "कागदावर थोडे कमी दाखवू" म्हणतो. सरकारी मार्गदर्शक किंमत जिथे त्याहून वर आहे तिथे हे चालतच नाही. जिथे चालते तिथेही धोका विकणाऱ्याचा अधिक, कारण कागदाबाहेरचे पैसे बुडाले तर मागायला तोंड नाही.

धाकटा भाऊ न्यूजर्सीत आहे, हे करारात आधीच सांगावे. देशात राहणाऱ्या विक्रेत्यांच्या बाबतीत घर ५० लाखांचे किंवा त्याहून महाग असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापतो. परदेशी राहणाऱ्याला ही ५० लाखांची सूट नाही आणि कापण्याचा दरही बराच मोठा आहे. हे शेवटच्या दिवशी कळले की खरेदीदार बिथरतो. भांडवली नफ्यावरचा कर हा वकिलापेक्षा चार्टर्ड अकाउंटंटचा विषय आहे. तो सल्ला वेगळा घ्यावा.

कोणता वकील, किती फी

खरेदीदाराने कर्ज काढले तर बँकेचा वकील कागद तपासतो. "बँकेने पास केले म्हणजे झाले" असे मग सगळेच म्हणू लागतात. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाही एवढेच बघतो. दलालाने आणलेला वकील व्यवहार लवकर व्हावा हे बघतो, आणि एकच वकील दोन्ही बाजूंनी नेमला तर अडचणीच्या वेळी त्याने कुणाची बाजू घ्यावी हा पेच त्यालाही पडतो. आपला वकील वेगळा असावा. तो पुण्या-मुंबईचा असून भागत नाही. कुंभकोणमच्या न्यायालयात दिवाणी काम करणारा आणि जुने तमिळ दस्त वाचू शकणारा हवा. तमिळनाडू आणि पुदुच्चेरीच्या बार कौन्सिलमध्ये त्याची नोंद आहे की नाही हे विचारायला संकोच करू नये.

फी आधी ठरवावी आणि कशासाठी ते लिहून घ्यावे. कागद तपासून लेखी अभिप्राय देणे हे एक काम. करार आणि खरेदीखताचा मसुदा करून नोंदणीला हजर राहणे हे दुसरे. घराच्या किमतीवर टक्केवारी मागणाऱ्यापेक्षा कामाची फी सांगणारा बरा, कारण टक्केवारीवाल्याला व्यवहार मोडण्याचा सल्ला देणे जड जाते. तोंडी "सगळं ठीक आहे" यावर समाधान मानू नये. लेखी अभिप्रायात कोणते कागद पाहिले आणि कोणते मिळाले नाहीत, दोन्हींची यादी असावी.

प्रत्येक विक्रीला एवढा खटाटोप हवाच असे नाही. स्वतःच्या एकट्याच्या नावाने नोंदलेल्या दस्ताने घेतलेले घर, मूळ कागद हातात, कर्ज फिटलेले आणि त्याची नोंदही उतरलेली, घरात भाडेकरू नाही, असे असेल तर चांगला दस्तलेखक पुरतो. तरीसुद्धा मसुदा एकदा वकिलाकडून वाचून घेतला तर त्याची थोडीशी फी वाया जात नाही. मात्र वारसाहक्काने आलेले घर, एकाहून अधिक हिस्सेदार, देवळाजवळची जागा, परदेशातला भाऊ, हरवलेला मूळ दस्त किंवा मुखत्यारपत्रावरची सही, यांतले एक जरी असले तरी वकिलावाचून पुढे जाऊ नये. वरच्या कल्पित घरात यांतल्या निदान चार गोष्टी आहेत.

सही करण्यापूर्वी

खरेदीखत तमिळमध्ये असेल. कुंभकोणमला वाढलेल्या थोरल्या बहिणीला तमिळ वाचता येते. तिच्या पुण्यात शिकलेल्या मुलांना बोलता येते, पण अक्षर कळत नाही, अशी स्थिती पुष्कळ घरांत आहे. ज्याला वाचता येत नाही त्याने मराठीत किंवा इंग्रजीत लेखी भाषांतर मागून घ्यावे. किंमत, माप, चतुःसीमा, पैसे कसे मिळाले, ताबा कधी आणि पुढे वाद निघाल्यास जबाबदारी कुणाची, एवढे परिच्छेद तरी शब्दशः समजून घ्यावेत.

ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी मुखत्यारपत्र द्यावे, पण साध्या नोटरीचे नको. देशात राहणाऱ्याने आपल्या भागातल्या निबंधकासमोर ते करावे. परदेशातल्याने तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करावे, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की सर्वसाधारणपणे ते संपते. मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. "आत्ता फक्त मुखत्यारपत्र द्या, खरेदीखत सावकाश करू" म्हणणाऱ्या खरेदीदाराला नम्रपणे नकार द्यावा. घरातली वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असेल, तर सबळ कारण दाखवल्यावर नोंदणी अधिकारी घरी येऊन सही घेऊ शकतो. हे फार थोड्यांना ठाऊक असते आणि आजारी आईला रिक्षात घालून कचेरीत नेले जाते.

पैसे पूर्ण खात्यात जमा झाल्याची खात्री करूनच दस्त नोंदणीला द्यावा. बँकेचा डिमांड ड्राफ्ट असेल तर त्याचा क्रमांक खरेदीखतात यावा. तिन्ही भावंडांचे पैसे तिघांच्या खात्यांत वेगवेगळे यावेत. एकाच्या खात्यात घेऊन नंतर वाटू, असे ठरवले की त्या 'नंतर'ला घरात नाना अर्थ फुटतात.

किंमत मिळाली की घराचे सगळे मूळ दस्त खरेदीदाराला द्यावे लागतात. देण्याआधी प्रत्येकाची छायाप्रत काढावी, यादी करावी आणि तिच्यावर त्याची पोच घ्यावी. पेटीच्या तळाशी मोडी लिपीतले कागद निघाले, तर तेही गठ्ठ्यासोबत देऊन टाकू नयेत. त्यांत घराचा दस्त असेल तर वकिलाला दाखवावा. जमाखर्च, पत्रे, कुंडल्या असतील तर त्यांचा विक्रीशी संबंध नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, त्यामुळे त्या भागात ही लिपी वाचणाऱ्यांचा माग लागू शकतो. मूळ कागद तिघांपैकी कुणाकडे ठेवायचे ते आधी बोलून घ्यावे आणि बाकीच्या दोघांनी त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत.